रिकामं पिंप

सेवानिवृत्त माणसाने दोन गोष्टी करू नयेत. एक, नातेवाइकांकडे महिनाभर मुक्कामाला जाऊ नये, आणि दोन, गेलाच तर "काही मदत करू का?" असं विचारू नये. मी दोन्ही केल्या.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. गॅरेजमध्ये माणसं गाडी ठेवतात. ह्याने ओकचं पिंप ठेवून त्यात घरची वाईन मुरवली होती. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात ती बाटल्यांत भरून झाली. म्हणजे वाईनशी माझा संबंध आला तो पिंप धुण्यापुरता!

मी उत्साहाने साबण आणला. भाचा ओरडला, "मामा, साबण नको! लाकूड तो पिऊन टाकतं." ब्लीचिंग पावडर तर त्याहून वाईट, म्हणे. नुसतं गरम पाणी ओतायचं, पिंप गडबडा लोळवायचं आणि उपडं करायचं. आतून टार्टारचे चकचकीत खडे पडायला लागले. रात्रभर पिंप निथळलं. सकाळी भाच्याने गंधकाची वात पेटवून भोकातून आत सोडली आणि वरून बूच बसवलं. तेवढ्यातही मला जो ठसका लागला, तो दुपारपर्यंत पुरला.

आमची ही म्हणाली, "अय्या, लोणच्याच्या बरणीला आपण हिंगाची धुरी देतो, तसंच की!"

तसंच, पण ह्या धुरीला इतिहास आहे. डच व्यापारी सतराव्या शतकात फ्रान्सची वाईन गलबतांतून नेत. वाटेत ती आंबू नये म्हणून पिंपांत गंधकाची वात जाळत. फ्रेंचांनी तिचं नावच 'डच काडी' ठेवलं. वाईनचा शिरका करणारे जंतू पाश्चरने दाखवले ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे डचांनी दोनशे वर्षं शत्रू न बघताच मारला. आमच्या आजीनेही हिंगाचं कारण कधी सांगितलं नाही. फक्त ओली बरणी झाकली तर पाठीत धपाटा घातला.

"झालं ना?" मी विचारलं.

"कुठलं! आता महिन्या-महिन्याला पुन्हा धुरी. आणि फार दिवस कोरडं राहिलं की फळ्या आकसतात. मग भरलं की गळतं. भरलेल्या पिंपाची काळजी नसते मामा, रिकाम्याची असते."

लहानपणी उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव सैल व्हायची आणि गाडीवान चाक ओढ्यात बुडवून ठेवायचा, ते मला आठवलं. ह्या लाकडाच्या लहरीवर आरमारंही बुडाली आहेत. 1587 साली इंग्रजांच्या ड्रेकने स्पेनच्या पिंपांच्या वाळवलेल्या फळ्यांचे ढीगच्या ढीग जाळले. 1588 साली स्पेनचं आरमार निघालं ते कच्च्या लाकडाची पिंपं घेऊन. ती गळली, अन्न नासलं, पाणी कुजलं. आरमाराच्या पराभवाला कारणं पुष्कळ. पण उपाशी खलाशांना विचारलं असतं, तर त्यांनी पिंपाचंच नाव घेतलं असतं.

त्या रात्री मला झोप लागेना. पस्तीस वर्षं नोकरी केली. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, हार मिळाला. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेनऊ वाजले की पायांना कुठे जावं ते कळेना. दाढी मात्र रोज करत होतो. घरात कुणी काही बोललं की मी तडकत होतो. हल्ली माझ्याही फळ्या आकसल्या होत्या, हे मला सातासमुद्रापार एका पिंपाने सांगितलं.

"भरायला वाईन नसेल तर काय करतात रे?" सकाळी मी विचारलं.

"पाणी भरायचं. थोडं सायट्रिक आम्ल आणि सल्फाइट घालून. नुसतं पाणी कुजतं."

पुण्याला परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर साडेनऊला हिने हातात दळणाचा डबा, विजेचं बिल आणि शेजारच्या पोराचं गणिताचं पुस्तक ठेवलं.

"हे काय?" मी तडकलो.

"पाणी," ती म्हणाली. "आंबट मी घालीनच."