बोंडअळीची शिदोरी आणि खानदेशचे कापूस-पंचांग

खानदेशच्या कापसाचा इतिहास आपल्याकडे बहुधा माणसांच्या बाजूने लिहिला गेला आहे. १८१८ नंतरचा इंग्रजी अंमल, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने चढवलेले भाव, जळगाव-भुसावळची रेल्वे, जिनिंगचे कारखाने, १९०६ साली झालेली पूर्व व पश्चिम खानदेशाची विभागणी ही त्याची ठरलेली प्रकरणे. गुलाबी बोंडअळीला त्यात जागा नाही. वस्तुतः १८४३ साली साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले वर्णन केले ते भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरूनच, म्हणजे आपल्या तापी खोऱ्याच्या शेजारी, नर्मदाकाठी. पुढे सरकीच्या व्यापारातून ती इजिप्तला गेली, तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ साली टेक्ससमध्ये पोहोचली.

अन्नावाचून इतका प्रवास तिला साधला कसा? उत्तर तिच्या कातडीखाली आहे. तेथे पांढुरक्या पेशींचे सैल पट्टे असतात. त्यांना मेदपिंड म्हणू. नावावरून ती नुसती चरबीची कोठी वाटते. प्रत्यक्षात आपले यकृत आणि आपली चरबी मिळून जे करतात, त्यातले बरेचसे काम कीटकात हा एकच अवयव करतो. तेल, ग्लायकोजेन व प्रथिने साठवणे, लागेल तशी साखर रक्तात सोडणे, विष निकामी करणे, आणि मादीत अंड्याच्या बलकाचे प्रथिन घडवणे, हे सारे त्यात आले. या पेशींच्या वाढीची रीतही वेगळी. केंद्रक दुभंगते आणि एका पेशीच्या दोन होतात, हा आपण शाळेत शिकलेला पाठ. अनेक कीटकांच्या मेदपेशींत मात्र डीएनए दुप्पट, चौपट होत जातो, पण केंद्रक दुभंगत नाही. ते नुसते मोठे होते. विगल्सवर्थ यांनी १९६७ साली रोड्निअस या रक्त पिणाऱ्या कीटकात मेदपेशींची केंद्रके एकमेकांत मिसळत असल्याचेही नोंदवले. विभाजनासाठी पेशीला आपले काम आवरते घ्यावे लागते. येथे ते न थांबवता कोठार भरत राहते.

दिवस आखडू लागले की पूर्ण वाढलेली बोंडअळी कोषात न जाता थांबते. दोन सरक्या रेशमी धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत ती निजते आणि साठवलेल्या मेदावर महिनोन्महिने काढते. सरकीतील तेलच तिची शिदोरी होते, हा यातला क्रूर भाग. पावसाळा लागल्यावर पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शेतात पाते-फुले नसतील, तर त्याची पिढी तेथेच संपते.

म्हणून पंचांगाला महत्त्व. जुन्या देशी वाणांचा हंगाम तुलनेने आटोपशीर होता. लांब धाग्याच्या हव्यासापायी, आधी साहेबाच्या आणि नंतर आपल्या, दीर्घ मुदतीचे वाण आले. ठिबकावर मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड होऊ लागली आणि दुसऱ्या टोकाला फरदड लांबली. पतंगाला आधी फूल मिळाले, शेवटी बोंडही मिळाले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा हा प्रश्न मिटल्यासारखे वाटले होते. २०१० साली गुजरातेत पहिल्या बीटी वाणाला न जुमानणारी अळी जाहीर झाली. पुढे दोन जनुकांचे वाणही तिने पचवले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली.

त्यानंतर काही हंगामांत शासनाने १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कापूस बियाणे विकण्यावर बंदी घातली. शास्त्र म्हणून ते बरोबरच होते. पण विहिरीला पाणी असलेल्या खानदेशी शेतकऱ्याला मे महिन्यात थांबायला सांगणे म्हणजे त्याच्या रब्बीच्या रानाची वेळ पुढे ढकलणे. फरदड मोडा असे सांगताना एक वेचणी बुडते, आणि पऱ्हाटी जाळून टाका म्हणताना कुणाच्या तरी चुलीचे सरपण जाते, याचा हिशेब सल्ल्याच्या पत्रकात क्वचितच दिसतो. धुळे-जळगावच्या वाटेवर उन्हाळ्यात घरामागे पऱ्हाटीच्या गंज्या रचलेल्या दिसतात. वाळक्या, न उमललेल्या बोंडांसकट त्या तशाच मृगापर्यंत उभ्या असतात.