वाऱ्याचा त्रिकोण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाचे 'पस मॉथ' विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. या उड्डाणातले धाडस आपण आवडीने सांगतो. त्यातले गणित सांगत नाही. मला ते उमगले भाईंदरच्या खाडीवर. ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढते, म्हणून पलीकडे वसईला जाणारा तांडेल होडीचे तोंड घोडबंदरच्या बाजूला तिरपे धरतो. होडी मात्र सरळ जाते. हवेतही तेच. ताशी १०० मैल वेगाच्या विमानाला २० मैलांचा आडवा वारा लागला, तर नाक सुमारे साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवावे लागते. नाही वळवले, तर तासाभरात २० मैल भरकटणे आले. वळवले, तर वाट सुटत नाही, पण जमिनीवरचा वेग ९८ मैलांवर येतो.