माथेरानचें ऑलिंपिया मैदान

मालवण किनाऱ्यावरच्या मनुष्याला होडी ठाऊक असते, बैलगाडी ठाऊक असते; घोडा मात्र त्याच्या रोजच्या व्यवहारांतला प्राणी नव्हे. खाड्या, कातळाचे सडे आणि चढउतारांच्या पाणंदी यांनीं बनलेल्या त्या मुलखांत घोड्यानें भरधाव धांवावें तरी कोठें? म्हणूनच कुडाळहून निघालेला प्रवासी पनवेलमार्गें नेरळला उतरून माथेरानवर चढतो, तेव्हां पायांखालची तांबडी माती त्याला घरची वाटते. त्या मातींत उमटलेले टापांचे ठसे तेवढे परके वाटतात. जांभा दगड दोन्हीकडे एकच. पण तेथें माणसाचें अडतें तें होडीवांचून, आणि येथें घोड्यावांचून.

या डोंगराचा अर्वाचीन इतिहास १८५० च्या मे महिन्यांत सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मालेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गांवीं होता. ते वन ट्री हिलच्या बाजूनें वर चढले आणि रामबागेच्या वाटेनें खालीं उतरले. पुढें मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं या जागेकडे लक्ष घातलें, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मागोमाग पारशी व गुजराती धनिकांचेहि बंगले उठले. आगगाडी नेरळपर्यंतच येई. तेथून वरचा सारा मार्ग तट्टावर किंवा माणसांच्या खांद्यावर. माथेरानचें घोडेवाल्यांचें गांव झालें तें या गरजेमुळें, हौसेमुळें नव्हे. हौस मागाहून आली.

ती आली मुंबईहून. पुण्याचें शर्यतीचें मैदान १८३० पासूनचें. मुंबईच्या शर्यती प्रथम भायखळ्यास होत, त्या १८८३ मध्यें महालक्ष्मीच्या मैदानावर गेल्या. उन्हाळ्यांत हवा खाण्यास डोंगरावर आलेल्या मंडळींना घोड्यांची दौड पाहिल्यावांचून कसें चैन पडावें? १८९२-९३ च्या सुमारास माथेरानवर झाडींत मोकळी जागा राखून शर्यतीचें मैदान सिद्ध झालें आणि त्याला थेट ग्रीसमधल्या ऑलिंपियाचें नांव देण्यांत आलें. नांव मोठें, मैदान बेताचें; महालक्ष्मीचा विस्तार ज्यानें पाहिला आहे त्याला येथें प्रथम हंसूंच येईल.

परंतु त्या नांवांत एक गंमत आहे. प्राचीन ऑलिंपियांत घोड्यांच्या शर्यतीचा मुकुट स्वाराच्या मस्तकीं चढत नसे, तो घोड्याच्या धन्याला मिळे. कॉरिंथच्या फिडोलस नांवाच्या गृहस्थाच्या 'औरा' घोडीची हकीकत पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानें लिहून ठेवली आहे. आरंभींच स्वार खालीं पडला, घोडी मात्र एकटीच नेमानें धांवली, खांबाला वळसा घालून सर्वांपुढें आली. आणि विजय ठरला तो फिडोलसचा. पडलेल्या स्वाराचें पुढें काय झालें, याची विचारपूस कोणीं केलेली दिसत नाहीं.

माथेरानच्या ऑलिंपियावर हा भेद पुष्कळसा मिटतो. येथें शर्यतींत उतरतात ते गांवचे घोडेवाले, आणि घोडेहि तेच, जे आदल्या दिवशीं पाहुण्यांना घेऊन या पॉइंटावरून त्या पॉइंटावर हिंडलेले असतात. पुष्कळदां धनी, चाकर आणि स्वार हे एकाच अंगरख्यांत असतात. महालक्ष्मीचें जनावर धांवण्यासाठींच पोसलेलें. येथील जनावर पोट भरण्यासाठीं चालतें आणि एखादे दिवशीं धांवतें. अशा दौडीला ऐट कमी, पण पाहणाऱ्यांतला अर्धा गांव प्रत्येक घोड्याला नांवानें ओळखतो.

या घोड्याचें आयुष्य मात्र वारंवार चाकानें आंखडलें आहे. सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्यानें सुमारें १६ लाख रुपये घालून बांधलेली नेरळची छोटी आगगाडी १९०७ सालीं सुरू झाली आणि चढणीवरचें भाडें तिनें नेलें. तरी डोंगरमाथ्यावर मोटारींना मज्जाव राहिला, त्यामुळें दस्तुरी नाक्यापुढें घोडा तगला. २००३ मध्यें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यांत आला. माणसानें ओढावयाची रिक्षा तेवढी अमानुष होती. २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश दिला, तो योग्यच झाला. पण तिच्या जागीं येणारी विजेची रिक्षा, जिचा प्रयोग २०२२ च्या डिसेंबरांत झाला, ती सुमारें साडेचारशे परवानेवाल्या घोड्यांच्याहि दारांत उभी आहे. रस्त्यावर बसविलेल्या फरशीच्या ठोकळ्यांवरून टाप घसरते, ही घोडेवाल्यांची तक्रारहि न्यायालयापर्यंत गेली. रिक्षा ओढणाऱ्याची सुटका आणि लगाम धरणाऱ्याची भाकरी यांचा मेळ कसा घालावा, हें कोडें अजून सुटलेलें नाहीं.

ऑलिंपियावर फरशी नाहीं. तेथें तीच तांबडी माती आहे, जी उन्हाळ्यांत गुडघ्यापर्यंत उडते आणि आषाढांत लोण्यासारखी मऊ होते. शर्यत संपली कीं स्वार खालीं उतरतो, घोड्याची मान पुसतो, थोडें पाणी दाखवितो आणि त्याच जनावराला घेऊन दस्तुरी नाक्याकडे निघतो; कारण संध्याकाळच्या मोटारींनीं आलेले पाहुणे सामान घेऊन तेथें खोळंबलेले असतात.