चंद्राआडचे स्रोत

चंद्राआड जाताना रेडिओ-स्रोताचा संकेत किती झपाट्याने तुटतो, यावरून त्याचा आकार मोजता येतो. १९६२ साली ३सी २७३ची जागा अशाच पिधानाने नेमकी कळली. पुढल्या वर्षी श्मिट यांनी त्याचे प्रचंड अंतर उलगडले. हा क्वासार होता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी याच कामासाठी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण १९७० साली चालू केली. १९७५मध्ये त्यांना व विजय कपाहींना आढळले, की क्षीण, म्हणजे बहुधा दूरचे, स्रोत केवळ अंतरामुळे दिसावेत त्याहूनही लहान आहेत. म्हणजे पूर्वीचे विश्व निराळे होते! आम्हाला गंमत वाटते ती अशी, की स्थिर विश्वाचे पुरस्कर्ते जयंत नारळीकर तेव्हा त्याच संस्थेत होते. त्यांनी माघार घेतली नाही. १९९३मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धान्त मांडला.