तोरणावरचा शाप

पुरातन थडग्यांच्या शापाचा विषय निघाला, की वाचकाचे मन थेट नाईलच्या तीरावर जाते. तुतनखामुनचे दफनस्थान, सोन्याचा मुखवटा आणि त्याची निद्रा मोडणाऱ्यांना एकामागून एक आलेला मृत्यू, ही कथा मराठी नियतकालिकांतूनही अनेकदा येऊन गेली आहे. पण खरोखर दगडावर कोरलेला आणि आजही वाचता येणारा शाप पाहायचा असेल, तर भोपाळकरांना इजिप्तला जाण्याचे कारण नाही. पन्नास किलोमीटरच्या आत, सांचीच्या टेकडीवर तो उभा आहे. नवल हे, की जिथे शाप लिहिलेला नव्हता तिथे शापाची दंतकथा जन्मली आणि जिथे तो अक्षरशः कोरलेला आहे तिथे कोणतीही दंतकथा रूढ झाली नाही. हे असे का व्हावे, याचा विचार केला तर शाप या वस्तूचे मूळ प्रयोजन ध्यानात येते.

प्रथम इजिप्तची हकीकत पाहू. हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुनच्या दफनस्थानाची पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडली. या उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत निधन पावले. डास चावल्याची जखम चिघळून रक्तदोष झाला आणि त्यात न्युमोनियाची भर पडली. कार्नार्व्हन यांनी उत्खननाच्या वार्तांचा हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकून टाकलेला होता. इतर वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दाराबाहेर तिष्ठत राहावे लागे. ज्यांना बातमी मिळत नव्हती, त्यांना या मृत्यूने कथा मिळवून दिली. वास्तविक त्या दफनस्थानात प्रवेश करणाऱ्याला मृत्यूचा शाप देणारा लेख सापडलेला नाही. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगले, तर कार्नार्व्हन यांच्यासह आत पाऊल टाकणारी त्यांची कन्या लेडी एव्हलिन १९८० साली वारली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली मार्क नेल्सन यांनी त्या काळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्य व्यक्तींचा हिशेब मांडला. दफनस्थान उघडण्याच्या प्रसंगांशी ज्यांचा संबंध आला अशा २५ जणांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ७० भरले, इतरांचे ७५. हा फरक शापाची साक्ष ठरण्याइतका अर्थपूर्ण नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून इजिप्तमध्ये शापलेख नव्हतेच असे नाही. तुतनखामुनच्या सुमारे हजार वर्षे आधीच्या काही अधिकाऱ्यांच्या थडग्यांवर ते आढळतात. सक्कारा येथे खेंतिका या अधिकाऱ्याच्या थडग्यावर, अपवित्र अवस्थेत आत येणाऱ्याची मान पक्ष्याच्या मानेसारखी पकडण्याची धमकी आहे. हे शाप राजांपेक्षा त्यांच्या सेवकवर्गाच्या थडग्यांवर अधिक दिसतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता सांचीकडे वळू. महास्तूपाची तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. ती एका राजाने उभारलेली नाहीत. भिक्षू, भिक्षुणी, श्रेष्ठी, गृहिणी, कारागीर अशा शेकडो लहानथोर दात्यांच्या दानातून या टेकडीवरचे दगडी काम झाले. तोरणांच्या स्तंभांवरील काही दानलेखांच्या अखेरीस एक अभिशाप येतो. त्याचा आशय असा : या काकणावातील (हे सांचीचे प्राचीन नाव) शिल्पकाम जो उपटील वा उपटवील, अथवा दुसऱ्या आचार्यकुलाकडे नेईल, त्याला घोर पातक्यांची गती मिळो. बौद्ध परंपरेत अशी पाच ‘आनंतर्य’ पापे सांगितली आहेत : मातृवध, पितृवध, अर्हताचा वध, बुद्धाच्या देहातून रक्त काढणे आणि संघात फूट पाडणे. त्यांचे फळ भोगण्यास विलंब नाही, म्हणून ती ‘आनंतर्य’.

याच टेकडीवर अशोकस्तंभाचा लेख आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला वा भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे, अशी त्यातील आज्ञा. गुन्हा तोच, पण येथे शाप नाही, शिक्षा आहे. सम्राटाच्या हाती महामात्र होते, त्याला शाप देण्याची गरज नव्हती. ज्याच्या हाती दंड नाही तो शाप देतो. एखाद्या श्रेष्ठीने स्तंभ दिला, पण पुढच्या पिढ्यांतील लोभी हातांवर त्याची कोणती सत्ता चालणार? त्याच्याजवळ एकच साधन होते, ते म्हणजे शब्द.

राजदंड ज्यांच्या पाठीशी होता, त्यांनाही भविष्यापुढे हाच मार्ग पत्करावा लागला. गुप्त संवत् ९३ मध्ये, म्हणजे इ. स. ४१२-१३ साली, दुसऱ्या चंद्रगुप्ताचा अधिकारी आम्रकार्दव याने सांचीच्या विहाराला एक गाव आणि २५ दीनार दिले. चंद्रसूर्य असेतो भिक्षूंना भोजन मिळावे आणि दिवा तेवत राहावा, ही त्याची इच्छा. अनेक लढाया जिंकलेल्या या पुरुषाने लेखाच्या शेवटी, ही व्यवस्था मोडणाऱ्याला गोहत्येचे, ब्रह्महत्येचे आणि पाच आनंतर्यांचे पाप लागेल असे लिहून ठेवले. तलवारीची धार जिवंत माणसांपुरती असते, हे त्याने ओळखले असावे.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. कोकणात आणि देशावर विखुरलेले गद्धेगाळ याच कुळातले. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्रीचे अश्लील शिल्प, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी. शिलाहार राजा अपरादित्य याच्या परळ येथील ११८७ च्या लेखात दान संस्कृतात आहे, शाप मात्र मराठीत! देवांना आणि पंडितांना संस्कृत कळेल; पण ज्याला धाक घालायचा, त्याला त्याच्याच बोलीत सांगितले पाहिजे, हा व्यवहार त्यामागे उघड दिसतो. अपराध कोणाचाही असो, विटंबना त्याच्या आईची, हेही त्या शिल्पांत कोरलेले आहे आणि त्याकडे काणाडोळा करता येत नाही.

मग सांचीचा शाप फळला का? स्थानिक जमीनदाराने अशोकस्तंभ मोडून त्याचे तुकडे उसाच्या घाण्यासाठी वापरले, असे जॉन मार्शल नमूद करतात. भोपाळचा साहाय्यक पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन्सन याने १८२२ मध्ये महास्तूप वरपासून तळापर्यंत फोडला; त्या पडझडीत पश्चिमेचे तोरण आणि वेदिकेचा काही भाग कोसळला. या माणसाला तो शाप वाचणे शक्यच नव्हते, कारण त्या वेळी ब्राह्मी लिपी कोणालाही वाचता येत नव्हती. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, तीही सांचीच्याच लेखांच्या आधारे. अनेक लहान लेखांचा शेवट एकाच दोन अक्षरांनी होतो हे पाहून त्यांनी तर्क केला, की हा शब्द ‘दानं’ असावा. ज्या लेखांपैकी काहींच्या अखेरीस शाप होता, त्याच लेखसमूहातील दानाच्या शब्दाने हरवलेली लिपी परत मिळाली.

लिपी कळली म्हणून हात थांबले, असे मात्र झाले नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेझी यांनी १८५१ मध्ये येथील स्तूप उघडले. तिसऱ्या स्तूपात सारिपुत्र आणि महामौद्गल्यायन यांची नावे असलेल्या अस्थिपेटिका निघाल्या. कालांतराने त्या धातू लंडनच्या संग्रहालयात पोचल्या. ‘दुसऱ्या आचार्यकुलाकडे’ नेण्याचा इतका दूरचा अर्थ मूळ दात्याच्या स्वप्नातही आला नसेल. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तर पूर्वेचे संपूर्ण तोरणच फ्रान्सला न्यावे असा प्रस्ताव पुढे आला होता. तो फळाला आला नाही. त्याऐवजी १८६९-७० मध्ये लेफ्टनंट कोल यांच्या देखरेखीखाली तोरणाचे प्लास्टरचे साचे घेतले गेले आणि त्यांवरून केलेल्या प्रतिकृती युरोपात गेल्या. बर्लिनमध्ये २०२२ साली उभारलेले दगडी तोरण हे त्याच परंपरेतले. मूळ तोरण मात्र आहे तिथेच आहे.

ते शापाने राखले, असे म्हणता येणार नाही. मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात केलेले जतनाचे काम, त्याला भोपाळच्या बेगमांच्या तिजोरीतून मिळालेला आधार आणि १९५२ च्या नोव्हेंबरात नव्या चैत्यगिरी विहारात परत आलेल्या अस्थी, हे सारे माणसांच्या निर्णयाचे फळ आहे. जॉन्सनवर वीज कोसळल्याची कथा कोणी रचली नाही, कारण त्या कथेसाठी ताटकळलेली वृत्तपत्रे तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी नव्हती.

तरीही शाप व्यर्थ गेला असे मला वाटत नाही. इजिप्तच्या दंतकथेत आपण शाप ‘खरा की खोटा’ एवढेच विचारतो. त्या वस्तू कोणाच्या आणि त्या कोणी हलवल्या, हा प्रश्न त्या थरारात विरून जातो. सांचीचा लेख मात्र आपल्याला नेमका तोच प्रश्न विचारतो. त्याचा रोख भुतांवर नाही, पुढे जन्माला येणाऱ्या माणसांवर आहे. जे आम्ही दिले ते तुमच्या हवाली करून आम्ही जात आहोत, ते जागेवरून हलवू नका, असे त्याचे सांगणे. ज्याला दोन हजार वर्षांनंतरच्या माणसाकडे काही मागायचे होते आणि ज्याच्याजवळ ना सैन्य होते ना न्यायालय, त्याची ती विनवणी आहे. तिचा सूर कठोर आहे एवढेच.