कच्च्या खर्ड्याचा आरंभ

शास्त्रीय निबंध लिहिणाऱ्याची खरी कसोटी पहिल्या पानावर लागते. पुरावा जमलेला असतो. पण ‘आणखी एक कागद पाहू, मग लिहू’ असे मन म्हणते आणि वर्षे निघून जातात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापुढे तर ही अडचण दुप्पट होती. अस्सल साधने छापून झाल्यावाचून मराठ्यांचा साद्यंत इतिहास लिहिता येणार नाही, हे मत त्यांचेच!

मग त्यांनी लेखणी उचलली कशी? ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ पर्यंतची पत्रे आहेत आणि आरंभी पानिपताची चिकित्सा करणारी दीर्घ प्रस्तावना. साद्यंत इतिहास दूर राहो, हाती आलेल्या कागदांपुरते तरी बोलू, ही ती वाट. पत्राची मिती लावावी, लिहिणारा कोठे होता ते ठरवावे. दोन पत्रांचा मेळ बसत नसेल तेथे प्रश्न मांडावा. त्या प्रश्नाच्या उत्तरातच निबंधाचा कच्चा खर्डा असतो. पहिले वाक्य सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. १९२२ साली जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’लाही त्यांनी अशीच विस्तृत प्रस्तावना जोडली.

या कथेची दुसरी बाजू आमच्या खानदेशात आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यास निवर्तले. मराठी धातूंची व शब्दांची त्यांनी केलेली टिपणे मागे राहिली. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. कृ. पां. कुलकर्णी यांनी ती टिपणे संपादिली, तेव्हा १९३७ साली धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश वाचकांच्या हाती आला. पण टिपणाच्या कर्त्याला ‘येथे आपणांस काय म्हणावयाचे होते?’ असे विचारण्याची सोय आता उरली नव्हती.

जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: टिपणे जपा, पण प्रत्येक टिपणाखाली ‘यावरून मला काय वाटते’ ही एक ओळ आजच लिहा. ती चुकली तर उद्या खोडता येते. न लिहिलेली ओळ मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.