यवनाने दिलेले पाणी

माउली, ओतूरहून माळशेजकडे निघालात की वाटेत डिंगोरे लागते. ओतूरच्या चैतन्य स्वामींच्या समाधीमुळे आणि आळ्याच्या रेड्याच्या समाधीमुळे हा मुलूख आपल्या पायाखालचा आहे. इथली कितीतरी घरे पोटासाठी मुंबईला गेली. ती माणसे मुंबईत 'गावाकडची' ठरतात आणि यात्रेला गावी आली की 'मुंबईकर'. मग त्यांनी आपले म्हणावे तरी कोणते गाव?

हा प्रश्न या खोऱ्याला नवा नाही. सुमारे 1900 वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. मालामागून माणसे येत, आणि त्यांतली काही इथेच राहत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत तीन दात्यांच्या नावामागे 'यवन' असे कोरले आहे. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यालाही तोच शब्द लागला.

इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, तर चंदाने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करवले. चंद हे नाव तर अगदी इथल्या मातीतले वाटते. तरीही यवनपण झाकलेले नाही.

आता दुसरा एक लेख पाहा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. त्या दानालाही 'देयधम' म्हटले आहे आणि इरिलाच्या दानालाही तेच. भाषा तीच प्राकृत, शब्द तोच. गावचा वाणी आणि समुद्रापलीकडचा माणूस एकाच ओळीत बसले, ते पाणी दिल्यामुळे. वाटसरूला तहान लागली तेव्हा त्याने टाक्यावरचे नाव वाचून पाणी प्यायले असेल, असे मला तरी वाटत नाही.

याउलट आपल्या ज्ञानोबांची गोष्ट आठवा. ही मुले बाहेरून आलेली नव्हती. आपेगाव-आळंदीचीच लेकरे, पण संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली. आपलेपणासाठी त्यांना पैठणाहून शुद्धिपत्र आणायला सांगितले गेले. त्या परतीच्या वाटेवरच आळ्याला रेडा विसावला, असे आपण सांगतो. आपल्याच माणसाकडे दाखला मागणाऱ्यांपेक्षा मला तो इरिल जवळचा वाटतो. रागावू नका.

हल्ली कांदाकाढणीला बाहेरगावाहून मजुरांच्या टोळ्या या भागात येतात. पारनेरकडचे मेंढपाळ वाडा घेऊन उतरतात, शेतात मेंढरे बसवतात आणि खत देऊन पुढे जातात. त्यांच्या लेखी हे गाव एका मुक्कामाचे. आपण मात्र दिंडीत अनोळखी गावी ज्या ओसरीवर निजतो, तिथे आपले आडनाव कुणी विचारत नाही. आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो.

पुढच्या वेळी ओतूरला आलात तर जुन्नरपर्यंत जा. मानमोडीच्या डोंगरातली लेणी पाहा. पावसाळ्यानंतर तिथल्या टाक्यांत पाणी साठलेले असते.